परत आलेलं विधेयक पुन्हा मंजूर कसं करायचं: अभिरूप विधानसभेसाठी

सोलापुरातल्या कॉलेजांत अभिरूप विधानसभा, म्हणजे विद्यार्थ्यांनी आमदार बनून चालवलेली लुटुपुटूची विधानसभा, भरली की राज्यपालांनी विधेयक परत पाठवल्याचा प्रसंग हमखास ठेवतात. तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज येतो, "दोन तृतीयांश लागतील!" नाही लागत. तो नियम अमेरिकेचा, राष्ट्राध्यक्षांनी नाकारलेलं विधेयक पुन्हा मंजूर करण्याचा. तिथं दोन्ही सभागृहांत मतदान करणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश मतं लागतात, तीही नावानिशी नोंदवून. १९७३ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांचा नकार मोडताना प्रतिनिधिगृहात २८४ विरुद्ध १३५ मतं पडली. ४१९ पैकी २८० लागत होती, म्हणजे गरजेपेक्षा चारच जास्त.

आपल्याकडे आकडा सोपा आहे, घोळ होतो तो कागदात.

राज्यघटनेच्या अनुच्छेद २०० प्रमाणे विधेयक समोर आलं की राज्यपाल अनुमती देतात, अनुमती रोखतात किंवा राष्ट्रपतींसाठी राखून ठेवतात. रोखायचं तर ते संदेशासह सभागृहाकडे परत पाठवायचं. नुसतं दाबून बसता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २० नोव्हेंबर २०२५ च्या अभिमतात हे स्पष्ट केलं. त्याच अभिमतात असंही म्हटलं की राज्यपालांना न्यायालय ठरावीक मुदत घालून देऊ शकत नाही आणि मुदत संपली म्हणून अनुमती मिळाली असं धरता येत नाही. त्यामुळे तुमच्या पटकथेत "तीन महिने झाले, कायदा झाला" असा संवाद असेल तर काढून टाका. धन विधेयकही निवडू नका, कारण ते परत पाठवता येत नाही.

यंत्रमाग कामगारांच्या घरांचं एक विधेयक धरू: सन २०२६ चे विधानसभा विधेयक क्रमांक ५. संदेशात नेमकी हरकत हवी. उदाहरणार्थ: "खंड ७ मधील दंडाच्या तरतुदीचा सभागृहाने फेरविचार करावा." 'विधेयक योग्य वाटत नाही' एवढ्यावर चर्चा उभी राहत नाही. अध्यक्ष संदेश वाचून दाखवतात, प्रभारी मंत्री फेरविचाराचा प्रस्ताव मांडतात, आधी संदेशातल्या मुद्द्यावर चर्चा होते, मग दुरुस्त्यांवर मतदान आणि शेवटी विधेयक मंजुरीला.

दुरुस्ती स्वीकारलीच पाहिजे असं बंधन नाही. सुधारणेसह किंवा आहे तसंच, कसंही पुन्हा मंजूर झालं की राज्यपालांना अनुमती रोखता येत नाही. आमचं मत विचाराल तर खंड ७ सोडून नवं काही घुसडू नका. वाद मूळ मुद्द्यावरून घसरतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे तेच विधेयक नवा क्रमांक देऊन पुन्हा मांडणं. मग ते नवं विधेयक ठरतं आणि राज्यपालांसमोर सगळे पर्याय पुन्हा खुले होतात. क्रमांक ५ तो ५ च ठेवा.

आता मतं. हजर राहून मतदान करणाऱ्यांचं साधं बहुमत पुरतं. विधानसभेच्या २८८ जागा, गणपूर्ती (कामकाजासाठी लागणारी किमान हजेरी) एक दशांश म्हणजे २९. बरोबर २९ जण बसलेत आणि त्यातले एक अध्यक्षांच्या आसनावर आहेत, तर उरलेल्या २८ पैकी १५ मतांत काम होतं. अध्यक्ष फक्त समसमान मतं पडली तरच मत देतात. तुमच्या सभागृहात ६० विद्यार्थी असतील तर गणपूर्ती ६ नव्हे, १०. कारण १० किंवा एक दशांश यातला मोठा आकडा धरतात. आवाजी मतदानावर शंका आली तर मतविभागणी, म्हणजे प्रत्यक्ष मतमोजणी, मागा. विधान परिषदही दाखवणार असाल तर तिथंही विधेयक पुन्हा मंजूर व्हायला हवं. ७८ जागांच्या आपल्या परिषदेची गणपूर्तीही १० च.

महापालिकेशी मात्र गल्लत नको. शासनानं पालिकेचा ठराव विखंडित, म्हणजे रद्द, केल्याच्या बातम्या सोलापूरकरांना नव्या नाहीत. महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ४५१ खाली शासनानं ठराव निलंबित केला तर पालिका निवेदन देऊ शकते; तोच ठराव पुन्हा मंजूर करून शासनाचा आदेश मोडत नाही.

खरी अडचण राष्ट्रपतींच्या वाटेवर आहे. अनुच्छेद २०१ खाली परत आलेल्या विधेयकाचा विधिमंडळानं सहा महिन्यांत फेरविचार करायचा आणि ते पुन्हा राष्ट्रपतींपुढे ठेवायचं. पण तिथं दुसऱ्यांदा मंजूर केलं म्हणून अनुमती बंधनकारक होत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये आपल्या दोन्ही सभागृहांनी मंजूर केलेलं शक्ती विधेयक (महिला-मुलांवरील अत्याचारांना कडक शिक्षेचं) राष्ट्रपतींकडे गेलं, पण त्याचा कायदा झाला नाही. हा प्रवेश करायचा असेल तर सहा महिन्यांच्या जागी चहाची सुट्टी ठेवा आणि राष्ट्रपतींची भूमिका करणाऱ्याला निर्णय आधी सांगू नका.