कार्ड दिसत नसेल तर आधी नुसता रीस्टार्ट मारून बघा
भावांनो, पीसीआय एक्सप्रेसचं (मदरबोर्डच्या स्लॉटमध्ये बसणारं) कार्ड घरी बनवलंय आणि पीसी चालू केल्यावर एलएसपीसीआयमध्ये (जोडलेल्या कार्डांची यादी दाखवणारी लिनक्सची कमांड) त्याचा पत्ताच नाही, तर लगेच सोल्डरिंग गन उचलू नका. पॉवर बंद न करता रीस्टार्ट मारा. आता दिसलं? मग बोर्ड बहुतेक ठीक आहे, कार्डावरचा एफपीजीए (पॉवर आल्यावर दरवेळी आपलं सर्किट फ्लॅश मेमरीतनं भरून घेणारी चिप) उशिरा जागा होतोय. पॉवर स्थिर झाल्यावर रीसेटची लाईन सुटेपर्यंत कमीत कमी 100 मिलीसेकंद मिळतात आणि ती सुटल्यावर 20 मिलीसेकंदांत कार्ड लिंक ट्रेनिंगला (पीसीशी जोडणी जुळवायला) तयार लागतं, तेवढ्यात फ्लॅशमधनं बिटस्ट्रीम (त्या सर्किटची फाईल) लोड झाली नाही की बायॉस कार्ड न सापडताच आपलं पुढं निघून जातं. रीस्टार्टला पॉवर जात नाही म्हणून तेव्हा एफपीजीए भरलेलाच असतो.

मी उद्यमनगरात दोन दिवस लेनवरच्या (डेटाच्या लाईनवरच्या) कपॅसिटरचे टाके परत परत मारत बसलेलो, चहा किती झाले विचारू नका. शेवटी फ्लॅश एका लाईनऐवजी चार लाईनवर वाचायला लावली, क्लॉक वाढवला, बिटस्ट्रीम कॉम्प्रेस केली, झालं काम.

आणि ऑसिलोस्कोपचा एक प्रोब रीसेटवर, दुसरा एफपीजीएच्या डन पिनवर (लोड पूर्ण झालं की वर जाणारी) लावा, रीसेट सुटायच्या आधी डन वर गेली पाहिजे.