लांबलचक फाइल तपासताना वर्डची खिडकी कशी दुभागावी

शोधप्रबंधाच्या सातव्या प्रकरणात ‘कोष्टक ३.४ वरून हे स्पष्ट होते’ असं वाक्य येतं आणि आकडा पडताळायला आपण तिसऱ्या प्रकरणाकडे निघतो. माऊसचं चाक फिरवत शंभरेक पानं मागे जायचं, कोष्टक शोधायचं, आकडा मनात धरून परत यायचं. तोवर नेमकं कुठल्या परिच्छेदात होतो ते आठवत नाही. मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये यावर सोपा उपाय आहे, पण रोज वर्ड वापरणाऱ्या कितीतरी जणांनी त्या बटणाला कधी हात लावलेला नसतो.

१. फाइल उघडून वरच्या पट्टीतल्या ‘व्ह्यू’ टॅबमध्ये जा आणि ‘स्प्लिट’वर क्लिक करा. कीबोर्डवरून करायचं तर विंडोजमध्ये कंट्रोल, ऑल्ट आणि एस एकत्र दाबा. खिडकीच्या मध्ये आडवी रेघ येऊन वर-खाली दोन भाग होतात.

२. रेघ माऊसने धरून हवी तिथे सरकवा. नुसता संदर्भ बघायचा भाग वर ठेवा, त्याला चार-पाच ओळींची जागा पुरते. लिहायचा भाग खाली, ऐसपैस.

३. वरच्या भागात क्लिक करून कोष्टक ३.४ पर्यंत जा. मग खालच्या भागात क्लिक करून सातव्या प्रकरणात या. आता खाली कितीही पानं पुढे-मागे करा, वरचं कोष्टक जागचं हलत नाही.

४. काम झालं की रेघेवर डबल-क्लिक करा, किंवा व्ह्यू टॅबमध्ये जाऊन ‘रिमूव्ह स्प्लिट’ निवडा.

हे दोन भाग म्हणजे फाइलच्या दोन प्रती नव्हेत. फाइल एकच, फक्त ती दोन जागी उघडलेली दिसते. वर केलेली दुरुस्ती खालीही लागू होते. ‘अनडू’ही दोघांत मिळून एकच असतं, त्यामुळे कंट्रोल झेड दाबल्यावर शेवटचा बदल पुसला जातो, मग तो कुठल्याही भागात केलेला असो. वरच्या भागात चुकून अक्षर पडलं, तर ते चक्क मूळ कोष्टकातच पडतं. म्हणून टाइप करण्याआधी कर्सर कुठे लुकलुकतोय ते बघायची सवय लावा.

मजकूर हलवायलाही ही सोय फार कामाची. परिच्छेद निवडा, माऊसने धरा आणि रेघ ओलांडून दुसऱ्या भागात सोडा. सोडताना कंट्रोल दाबून ठेवलं, तर मूळ जागचा मजकूर तसाच राहतो आणि प्रत तेवढी पुढे जाते.

खरी मजा मात्र पुढे आहे. दोन्ही भागांचा झूम आणि पान दिसण्याची पद्धत वेगवेगळी ठेवता येते. वरच्या भागात क्लिक करून व्ह्यू टॅबमधून ‘आउटलाइन’ निवडा आणि फक्त पहिल्या दोन पातळ्यांची शीर्षकं दिसतील असं करा. खाली नेहमीचं ‘प्रिंट लेआउट’ राहू द्या. वर अख्ख्या प्रबंधाचा सांगाडा, खाली भरलेलं पान. सांगाड्यातलं एखादं शीर्षक धरून वर-खाली हलवलं की त्याखालचा सगळा मजकूर बरोबर सरकतो. अट एकच: शीर्षकांना ‘हेडिंग १’, ‘हेडिंग २’ अशा स्टाइल दिलेल्या हव्यात. नुसती अक्षरं ठळक आणि मोठी करून शीर्षकं केली असतील, तर आउटलाइनला ती ओळखूच येत नाहीत. (आपल्याकडच्या बहुतेक हस्तलिखितांची हीच गत असते.)

लहान लॅपटॉपवर दोन्ही भागांना मिळून जागा अपुरी पडते. कंट्रोल आणि एफ१ दाबून वरची बटणांची पट्टी मिटवा, निदान चार ओळी तरी जास्त दिसतील.

स्प्लिट फक्त आडवं होतं. पानं शेजारी-शेजारी हवी असतील, म्हणजे पडदा रुंद असेल किंवा दुसरा मॉनिटर असेल, तर व्ह्यू टॅबमधलं ‘न्यू विंडो’ वापरा. तीच फाइल दुसऱ्या खिडकीत उघडते. मग ‘व्ह्यू साइड बाय साइड’ दाबा. इथे हमखास फसायला होतं. दोन्ही खिडक्या एकदमच सरकू लागतात, कारण ‘सिंक्रोनस स्क्रोलिंग’ आपोआप चालू झालेलं असतं. शेजारचंच बटण आहे, ते बंद करा. एकाच मजकुराचे जुने-नवे दोन खर्डे ओळीला ओळ लावून बघताना मात्र ते चालू असलेलं बरं. मूळ इंग्रजी आणि मराठी अनुवाद असे शेजारी लावले, तर त्याचा फारसा उपयोग नाही. दोन्हींची लांबी वेगळी, दोन-तीन पानांतच फारकत होते.

लिब्रेऑफिस रायटरमध्ये स्प्लिट नाही, पण ‘विंडो’ मेनूतल्या ‘न्यू विंडो’ने तेच काम होतं. गूगल डॉक्समध्ये तोच दस्तऐवज ब्राउझरच्या दोन खिडक्यांत उघडा. विंडोजची कळ आणि डावा बाण दाबला की एक खिडकी डाव्या अर्ध्या भागात बसते, उजव्या बाणाने दुसरी उजवीकडे. वर्ड असो वा रायटर, जादा उघडलेली खिडकी बिनधास्त बंद करा, दुसऱ्या खिडकीत फाइल उघडीच राहते.