गेमिंग लॅपटॉप खेळताना फटकन बंद पडतोय? पैसे घालवायच्या आधी या चुका टाळा

नाशिकला माझा मावसभाऊ असतो, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. मे महिन्यात रात्री साडेअकराला त्याचा फोन, "दादा, परत गेला रे, मॅचच्या मधेच. स्क्रीन काळी, पंखे बंद, सगळंच बंद." दुकानवाल्याने मदरबोर्ड गेलाय, १८ हजार होतील असं सांगितलेलं, आणि मावशी दुसऱ्या दिवशी पैसे काढायला जाणार होती. मी म्हटलं थांब, एक रुपया खर्च करू नको, आधी सांग, बंद पडतो तेव्हा अडॅप्टरवरचा बारका दिवा चालू असतो का? तर म्हणे, ते नाही बघितलं.

सगळ्यात मोठी चूक इथेच होते. लॅपटॉप बंद पडला की आपण चिडून लगेच पॉवर बटण दाबतो, आणि त्या दोन सेकंदात जे बघायला पाहिजे ते राहून जातं. अडॅप्टरचा दिवा गेलाय का? पंखे फिरतायत का? नुसती स्क्रीन काळी होऊन पंखे आणि कीबोर्डचे लाईट चालू असतील तर लॅपटॉप बंद पडलेलाच नाहीये, तो डिस्प्लेचा नाहीतर ग्राफिक्स ड्रायव्हरचा विषय आहे, त्यात पॉवरच्या मागे लागून काही मिळणार नाही. निळी स्क्रीन येऊन रिस्टार्ट होत असेल तर रॅम, ड्रायव्हर, किंवा तुम्ही स्वतः केलेलं ओव्हरक्लॉक-अंडरव्होल्ट (म्हणजे चिपचा वेग वाढवणं किंवा तिचं व्होल्टेज कमी करणं), ते आधी मूळ सेटिंगला आणा. आणि वायर ओढल्यासारखं एका क्षणात सगळं गेलं तर मग पॉवर किंवा उष्णता. एका वहीत लिहून ठेवा, गेम चालू केल्यावर किती मिनिटांनी गेला, प्लग लावलेला होता का, बॅटरी किती टक्के दाखवत होती. तीन-चार वेळचं लिहिलं की त्यात एक पॅटर्न दिसायला लागतो.

आता अडॅप्टर, कारण माझ्या बघण्यात सगळ्यात जास्त गोंधळ इथेच आहे. भावाचा मूळ अडॅप्टर होस्टेलवर हरवला होता आणि त्याने बाजारातून "सेम पिनचा" घेतला होता. पिन बसली, चार्जिंग झालं, काम संपलं असं त्याला वाटलं. मी त्याला अडॅप्टर उलटा करून मागचं बारीक अक्षर वाचायला लावलं. आउटपुट २० व्होल्ट, ९ अँपिअर. गुणाकार केला की १८० वॅट. लॅपटॉपसोबत आलेला होता २३० वॅटचा. त्याच्या मशीनमध्ये आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्ड आहे, ते कार्ड लॅपटॉपमध्ये एकटंच ११५ वॅटपर्यंत आणि बूस्ट धरून १४० पर्यंत खेचू शकतं, वर प्रोसेसर पन्नास-साठ वॅट सहज घेतो, मग स्क्रीन, पंखे, एसएसडी आहेतच. १८० मध्ये हे बसणार कसं?

पण मग दोन महिने चालला कसा, हा प्रश्न त्याने बरोबर विचारला. तर अडॅप्टर कमी पडला की बरेच गेमिंग लॅपटॉप उरलेली पॉवर बॅटरीतून घेतात, तुम्हाला कळतही नाही. प्लग लावलेला असूनसुद्धा खेळता खेळता बॅटरी १०० वरून ८५ वर आली असं दिसलं ना, की समजायचं अडॅप्टरला झेपत नाहीये. भावाला ते दिसत होतं, त्याला वाटलं असंच असतं. अशी रोज बॅटरी पिळून पिळून ती थकली, आणि एक दिवस कमी पडलेलं भरून काढायला तिच्यात दमच राहिला नाही, मग सगळा लोड अडॅप्टरवर, आणि अडॅप्टर स्वतःला वाचवायला बंद. पुढच्या वेळी त्याने नीट बघितलं तेव्हा दिवा गेलेलाच होता, आणि भिंतीतून प्लग काढून थोड्या वेळाने लावल्यावरच परत लागला. असं होत असेल तर मदरबोर्डच्या आधी अडॅप्टर आणि बॅटरीवर संशय घ्या.

हे घरी तपासायला एक सोपी युक्ती आहे. गेममध्ये फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं दिसतात ते) ६० ला लॉक करा, ग्राफिक्स मध्यम करा, आणि तासभर खेळा. तेव्हा बंद पडत नाही पण लॉक काढला की पाच मिनिटात जातो, म्हणजे दुखणं लोडशी जोडलेलं आहे. मग ते उष्णतेचं की पॉवरचं हे बघायला एचडब्ल्यूइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात लॉगिंग (आकडे फाईलमध्ये नोंदवत राहणं) चालू करून खेळायला बसा. लॅपटॉप बंद पडला तरी फाईल राहते, तिची शेवटची ओळ बघायची. भावाच्या शेवटच्या ओळीत प्रोसेसर ७८ डिग्री, ग्राफिक्स ७१, आणि बॅटरीचा चार्ज रेट मायनसमध्ये, तोही प्लग लावलेला असताना! त्या एका ओळीत सगळं आलं, उष्णता नाही, पॉवर कमी पडतेय. १८ हजार तिथेच वाचले.

बॅटरीची तब्येत बघायला कमांड प्रॉम्प्ट उघडून पॉवरसीएफजी, स्पेस, स्लॅश आणि बॅटरीरिपोर्ट, एवढं इंग्रजीत (powercfg /batteryreport) टाईप करा, एक रिपोर्ट तयार होतो आणि तो कुठे सेव्ह झाला ते तिथेच दाखवतं. त्यात डिझाइन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी असे दोन आकडे असतात, दुसरा पहिल्याच्या निम्म्यावर आला असेल तर बॅटरी संपत आलीये. आणखी एक खूण आपल्याकडे रोजच मिळते, लाईट जाते तेव्हा. इन्व्हर्टर लाईन घेईपर्यंत जो क्षणभराचा झटका असतो तो चांगली बॅटरी असलेल्या लॅपटॉपला जाणवतही नाही. त्याच क्षणी तुमचा लॅपटॉप बंद होत असेल तर बॅटरी मेलीये, इन्व्हर्टरला शिव्या देऊ नका.

स्टॅबिलायझर घ्यायच्या भानगडीत तर अजिबात पडू नका. अडॅप्टरवर इनपुट १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं, व्होल्टेज थोडंफार कमी झालं तरी त्याला काही होत नाही. बघायचं असेल तर एक्स्टेंशन बोर्ड बघा, सॉकेटमध्ये प्लग सैल बसतोय का, हलवल्यावर चरचर आवाज येतो का. अडॅप्टर काही दिवस थेट भिंतीतल्या सॉकेटला लावा. आणि तीन पिनला दोन पिनचा कन्व्हर्टर लावून अर्थिंग उडवू नका, लॅपटॉपच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येतात त्या बऱ्याचदा याच्यामुळेच.

उष्णतेचं म्हणाल तर लॅपटॉप तापला की आधी हळू होतो, फ्रेम पडतात, पंखे ओरडतात, आणि तरीही आवरलं नाही तर शेवटी बंद होतो. सूचना न देता थंड मशीन बंद पडत असेल तर थर्मल पेस्टला (चिपची उष्णता बाहेर न्यायला लावलेला लेप) दोष देऊ नका. मात्र लॉगमध्ये ९५-१०० डिग्री दिसतंय आणि लॅपटॉप गादीवर ठेवून खेळताय, तर आधी तो टेबलावर आणा. धूळ काढताना ब्लोअर मारा पण पंख्याचं पातं काडीने अडवून धरा, मोकळं सोडलं तर ते भलत्याच वेगाने फिरून खराब होतं. पेस्ट बदलायला स्वतः उघडणार असाल तर तुमच्या मॉडेलमध्ये पेस्टऐवजी लिक्विड मेटल (पातळ धातू) तर नाही ना हे आधी शोधा, त्यातून वीज वाहते, एक थेंब बोर्डवर सांडला तर खरंच मदरबोर्ड जाईल.

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे बिघाडांच्या नोंदवहीत, कर्नल-पॉवर ४१ दिसलं की बरेच जण पॉवर शब्द वाचून नवीन अडॅप्टर आणतात. त्या ४१ चा अर्थ एवढाच की विंडोज नीट बंद न होता परत चालू झालं, कारण ते सांगत नाही. त्याच्या डिटेल्समध्ये बगचेककोड बघा, शून्य नसेल तर मामला निळ्या स्क्रीनचा आहे.

आणि चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबतंय म्हणून घाबरू नका, कंपनीच्या ॲपमध्ये बॅटरी वाचवायचं सेटिंग चालू असेल. कायम प्लगवर खेळणाऱ्यांनी ते चालूच ठेवावं.

भावाने कंपनीचा २३० वॅटचा अडॅप्टर घेतला आणि बॅटरी बदलून घेतली, दोन्ही मिळून साडेअकरा हजारांच्या आत. मागचं झाकण उघडलं तेव्हा जुनी बॅटरी एका बाजूने फुगलेली निघाली, टचपॅड हल्ली कडक लागतो असं तो महिनाभर म्हणत होता ते यामुळे. तुमचाही टचपॅड वर आल्यासारखा वाटत असेल किंवा लॅपटॉप टेबलावर डुगडुगत असेल तर हे बाकीचं सगळं सोडा, चार्जिंग आजच बंद करा, बॅटरी दाबू नका, टोचू नका, आणि सर्व्हिस सेंटरला घेऊन जा.