सवाईला पहिल्यांदा जाताय? मग हे वाचा

डिसेंबरात पुण्यात शास्त्रीय संगीताचा सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव असतो, 1953 पासून चालू आहे, गायक भीमसेन जोशींनी त्यांचे गुरू सवाई गंधर्व यांच्या स्मरणार्थ सुरू केलेला. सीझन तिकीट काढून पाचही दिवस बसणार असाल तर आधीच सांगते, सगळं ऐकायचा हट्ट सोडा, तिसऱ्या दिवशी कान नुसते सुन्न होतात. रोज दोन कलाकार ठरवा, ते नीट ऐका, बाकीच्या वेळी फिरा, खा, गप्पा मारा (मंडपाबाहेर हां, नाहीतर मागचे काका असं बघतात ना!).

दुपारचं सत्र मात्र चुकवू नका. लोक ऑफिस सुटल्यावर संध्याकाळी येतात पण मुलतानी, भीमपलास हे दुपारचे राग दुपारीच ऐकायला मिळतात, रात्री नाही, आणि नवीन पोरं पण बहुतेक तेव्हाच गातात, गर्दी कमी म्हणून पुढे जागाही मिळते.

भारतीय बैठक घेतली तर छोटी उशी न्या, पाठ तुमचीच आहे. महोत्सव मुकुंदनगरला असतो, तिथे गाडी लावायला जागा शोधण्यात अर्धा राग ऐकायचा राहून जातो, त्यापेक्षा स्वारगेटपर्यंत मेट्रोने या आणि पुढे रिक्षा. थंडीचं म्हणाल तर दुपारी घाम आणि रात्री नऊनंतर कुडकुड, त्यामुळे शाल पिशवीत असूच द्या. आणि विलंबित (संथ लयीतलं गाणं) चालू असताना मधेच उठू नका प्लीज, बंदिश (म्हणजे गायची रचना) संपली की टाळ्यांत सटका.