गोव्यात डाइव्ह करायचं तर पैसे नेमके कशावर घालावेत

मी वास्कोत स्कूबा डाइव्हच्या रेग्युलेटरच्या, म्हणजे टाकीतली हवा श्वासाजोगी करून तोंडाशी आणणाऱ्या यंत्राच्या, दुरुस्तीचं काम करतो. पावसाळ्यात बोटी बंद असतात तेव्हा डाइव्ह शॉपवाल्यांची खोकीच्या खोकी माझ्या टेबलावर येतात. चवथ (गणेश चतुर्थी) झाली की सगळ्यांना घाई सुटते, कारण पाऊस सरला की ग्रँड आयलंड या बेटाच्या फेऱ्या सुरू करायच्या असतात. नुकताच ओपन वॉटर हा पहिला डाइव्ह कोर्स केलेली मुलंही येतात. "काका, ऑनलाइन एक भारी सेट मिळतोय, घेऊन टाकू का?" मी विचारतो, "त्याची सर्व्हिस कोण करणार? सुट्या भागांचं किट कुठून आणणार?" बहुतेकांनी हा विचार केलेलाच नसतो, आणि माझ्या मते महाग-स्वस्ताचा निम्मा निकाल तिथेच लागतो.

आधी आपलं पाणी लक्षात घ्या. ग्रँड आयलंडभोवतीच्या बहुतेक जागा, अगदी सुझीज रेक हे बुडालेलं जहाजसुद्धा, पंधरा-सोळा मीटरच्या आत आहेत. पाणी २७-२८ अंशांच्या आसपास, म्हणजे कोमट. पण मांडवी आणि जुवारी जवळच समुद्राला मिळतात, त्यामुळे गाळ भरपूर. चार-पाच मीटरपुढचं दिसलं तरी लोक खूश होतात. या पाण्यात काय चालतं आणि काय वाया जातं, एवढंच बघायचं.

केवळ 'एकदा करून बघू' म्हणून येणार असाल तर काहीही विकत घेऊ नका, सगळं बोटीवर मिळतं. कोर्स झाला आणि दर हंगामात उतरायचं ठरलं, की पहिली वस्तू मास्क. इथे किमतीपेक्षा चेहरा महत्त्वाचा. पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर टेकवा, नाकाने हलका श्वास आत ओढा आणि हात सोडा. मास्क तसाच चिकटून राहिला तर तो तुमचा. दहा मास्क लावून बघायला लागले तरी संकोच करू नका. मिशा असतील तर नाकाखाली थोडं पाणी येणारच, त्यासाठी महागडा मास्क घेऊन फायदा नाही. काचेवर 'टेम्पर्ड' असं कोरलेलं हवं आणि कडा सिलिकॉनची हवी. किनाऱ्यावर टांगलेले प्लास्टिकच्या काचेचे मास्क पोहण्यापुरते ठीक, डाइव्हला नाहीत. चष्मा असेल तर नंबरच्या तयार काचा बसणारं मॉडेल घ्या; तिथे चार पैसे जास्त गेले तरी ते सार्थकी लागतात. नव्या मास्कची काच आतून साध्या टूथपेस्टने दोन-तीनदा घासा, नाहीतर कितीही डिफॉग मारलं तरी धुकं धरेल.

आता रेग्युलेटर. यावर मी जरा सविस्तर सांगणार आहे.

टाकीत २०० बारच्या आसपास दाब असतो. टाकीवर बसणारा फर्स्ट स्टेज तो भोवतालच्या दाबापेक्षा नऊ-दहा बार जास्त इतका खाली आणतो, आणि तोंडातला सेकंड स्टेज श्वासाबरोबर हवा सोडतो. स्वस्त फर्स्ट स्टेज बहुधा साधा पिस्टनचा, अनबॅलन्स्ड असतो. टाकी रिकामी होत आली की त्यातून श्वास किंचित जड लागतो. तीस मीटरवर, धापा टाकताना हे जाणवेल. पंधरा मीटरवर शांतपणे पोहताना फारसं नाही. या पिस्टनमध्ये हलणारे भाग कमी, उघडायला सोपा, आणि तो वर्षानुवर्षं चालतो. फक्त गोव्यातच डाइव्ह करणाऱ्याने तो घेतला तर मी त्याला अडवणार नाही. कर्नाटकातलं नेत्राणी बेट, अंदमान, पुढे डीप स्पेशालिटी (खोल डाइव्हचा कोर्स) असं डोक्यात असेल तर मात्र बॅलन्स्डच घ्या, त्यात टाकी रिकामी होत आली तरी श्वास सारखाच राहतो.

महागड्या मॉडेलात 'सील्ड', म्हणजे आत पाणी शिरू न देणारा, हा प्रकार असतो. तो थंड पाण्यासाठी, बर्फ धरू नये म्हणून केलेला, त्यामुळे उष्ण देशात त्यावर पैसे घालू नयेत असं सर्रास सांगितलं जातं. आपल्या पाण्यासाठी मला हे अर्धवट वाटतं. साध्या पिस्टनच्या स्प्रिंगच्या खोलीत समुद्राचं पाणी थेट शिरतं. मी तो उघडतो तेव्हा स्प्रिंगच्या वेटोळ्यांत राखाडी गाळाचा थर आणि त्यात मिठाचे खडे सापडतात. हेच खडे आतल्या रबरी ओ-रिंगला घासून ती कापतात. पिस्टनऐवजी रबरी पडदा असलेल्या सील्ड डायफ्रॅमच्या फर्स्ट स्टेजमध्ये ही खोली कोरडी राहते. म्हणजे जो महिन्याला चार-सहा डाइव्ह करतो आणि घरी येऊन सामान भिजत घालायला कंटाळतो, त्याला सीलचे पैसे वसूल होतील. जो दर वेळी धूळटोपी घट्ट लावून रेग्युलेटर तासभर गोड्या पाण्यात बुडवून ठेवतो (आणि तेव्हा पर्जचं, म्हणजे हवा मोकळी सोडण्याचं, बटण दाबत नाही!) त्याचा साधा पिस्टनही उत्तम राहतो.

सर्व्हिसची मुदत कंपनीच्या पुस्तिकेत लिहिलेली असते, बहुधा वर्ष-दोन वर्षांची. घेण्याआधी दुकानदाराला तीन गोष्टी विचारा: किट भारतात मिळतं का, काम कोण करतं, किती दिवस लागतात. परदेशातून स्वस्तात आणलेला भारी रेग्युलेटर पुढे पार्ट मिळत नाही म्हणून पडून राहतो. तोंडात घ्यायच्या वस्तूची अशी गत होऊ देऊ नका.

जुना घ्यायचा असेल तर फर्स्ट स्टेजची टोपी काढून आतली जाळी टॉर्चने बघा. हिरवट दिसली तर आत खारं पाणी गेलेलं आहे. तांबूस असेल तर कुठल्यातरी लोखंडी टाकीचा गंज आलेला आहे. दोन्ही वेळा आतला खर्च धरूनच भाव करा. मग टाकीला न जोडता, टोपी लावून, माउथपीसमधून हवा ओढून बघा. हवा आत यायला लागली तर कुठेतरी गळती आहे. आपल्याकडच्या बोटींवर योकच्या (रेग्युलेटर वरून चिमट्यासारखा आवळायच्या) टाक्याच जास्त दिसतात. डिनचा (आटे फिरवून बसणारा) घेतलात तर अडॅप्टर बॅगेत असू द्या.

डाइव्ह कॉम्प्युटर स्वतःचा हवाच, मित्राच्या मनगटावरचा चालत नाही. दोघांची खोली आणि वेळ कधीच अगदी सारखी नसते. नावाजलेल्या कंपनीचं सर्वांत साधं मॉडेलही खोली, वेळ, नो-डेको (वाटेत सक्तीने न थांबता वर येता येईल तो उरलेला वेळ) आणि पाच मीटरवरचा तीन मिनिटांचा सेफ्टी स्टॉप नीट दाखवतं. सेल घरी बदलता येतो ना, ते बघा. टाकीचा दाब मनगटावर दाखवणारा ट्रान्समीटर इथे चैन आहे. रंगीत, उजळ पडद्याला मात्र मी चैन म्हणणार नाही. चाळिशी ओलांडली असेल तर आपल्या गढूळ पाण्यात बारीक राखाडी आकडे वाचायला खरंच त्रास होतो, आणि न वाचलेला आकडा धोक्याचा.

फिन्स आणि वेटसूट यांत खुशाल बचत करा. तीन मिलिमीटरचा, अंगाला बरोबर बसणारा सूट पुरे. जेलीफिश आणि रेकवरच्या धारदार शिंपल्यांपासून अंग झाकलं जातं. टाकी अजिबात घेऊ नका. तिची दर पाच वर्षांनी हायड्रोटेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी), भरण्याची सोय, ने-आण, हे सगळं दुकानाच्याच गळ्यात राहू दे.

बीसीडी, म्हणजे हवा भरून तरंगणं सांभाळणारं जॅकेट, सगळ्यात शेवटी. खिसे, रंग, डी-रिंग बघण्याआधी इन्फ्लेटरचं (हवा भरायचं) बटण दहा-वीस वेळा दाबून बघा. दाबल्यावर ते झटकन वर आलं पाहिजे. मीठ धरून ते अडकलं तर बीसीडी आपोआप फुगत जाते आणि माणूस वेगाने वर फेकला जातो. स्वस्त-महाग दोन्हींत हे होतं, म्हणून आतली पिशवीही दर वेळी गोड्या पाण्याने विसळायची.

एसएमबी, म्हणजे पाण्यावर आपली जागा दाखवणारा फुगा, स्वस्तात मिळतो, तरी बरेच जण तो टाळतात. बेटाभोवती बोटींची वर्दळ असते. भडक नारिंगी, उंच आणि पंधरा मीटर दोरीच्या स्पूलसह घ्या, आणि उतरण्याआधी बोटीवर एकदा फुगवून बघा.

जून लागला की सगळं कोरडं करून कपाटात ठेवा: बीसीडी अर्धी फुगवून, सूट जाड हँगरला, नळ्या मोठ्या वेटोळ्यात, कॉम्प्युटर आणि मास्कच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या. गोव्याच्या पावसात बुरशी आठवड्याभरात धरते. रेग्युलेटर मात्र कपाटात न ठेवता जूनमध्येच सर्व्हिसला द्या, चवथीनंतर रांग लागते.