दोन गिअरबॉक्समधून एक: काय सुटं चालतं आणि काय जोडीनंच घ्यावं लागतं

एक गिअरबॉक्स बिघडला की भंगारातला दुसरा आणून दोघांचे चांगले पार्ट एकात घालता येतात. त्यासाठी मुंबईत कुर्ल्याला सीएसटी रोडवर जुन्या पार्टच्या कुठल्याही दुकानात विचारा, "हा गिअरबॉक्स माझ्या मॉडेलला बसेल का?" उत्तर ठरलेलं: "सेम टू सेम आहे, बिनधास्त न्या." बाहेरून असतोही सेम. बेल हाऊसिंग (बॉक्स इंजिनाला जोडणारं घंटेसारखं कव्हर) तेच, बोल्टची भोकं तीच. पण तुम्हाला आतले पार्ट काढून आपल्या बॉक्समध्ये घालायचे असतील, तर या सारखेपणाचा फारसा उपयोग नाही. आणि इंजिन एकच म्हणून गिअरबॉक्सही एकच, हेही डोक्यातून काढा. मारुती ८०० आणि ओम्नी, दोघींना ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन. पण ८०० मध्ये ते आडवं बसवून पुढची चाकं फिरवतात, ओम्नीत उभं बसवून प्रोपेलर शाफ्टनं (गाडीखालून मागे जाणाऱ्या लांब दांड्यानं) मागची. बॉक्सची रचनाच निराळी.

सुटे गिअर विकत घेऊ नका, अख्खा बॉक्स घ्या. दुकानदार म्हणेल, "तुम्हाला दुसराच गिअर हवाय ना, तेवढाच देतो." नको. त्याची जोडी, म्हणजे ज्याच्या दात्यांत तो चालतो तो समोरचा गिअर, कुठल्या बॉक्सात गेली हे त्यालाही माहीत नसतं. जाताना स्वतःची जुनी क्लच प्लेट पिशवीत टाका आणि तिथंच त्या बॉक्सच्या इनपुट शाफ्टवर (इंजिनाकडून फिरणाऱ्या शाफ्टवर) सरकवून बघा. अलगद, न अडखळता बसली म्हणजे स्प्लाइन (शाफ्टवरचे उभे दाते) जुळले. दात्यांची संख्या मोजत बसण्यापेक्षा हे लवकर होतं आणि दुकानदाराशी वादही होत नाही. मग ड्रेन प्लग (खालचा ऑइल काढायचा बोल्ट) उघडायला सांगा. त्याच्या मॅग्नेटवर करडी, मऊ पेस्ट असेल तर चालेल, ती प्रत्येक बॉक्सात असते. नखाला टोचणारा लोखंडाचा कपचा निघाला तर बॉक्स तिथंच ठेवून या. आणि ऑइल दुधाच्या चहासारखं निघालं तर गाडी पाण्यात गेलेली आहे. मुंबईत २६ जुलै २००५ ला तर किती गाड्या बुडाल्या त्याला गणती नाही, पण साध्या पावसातही दरवर्षी सबवेत, सखल रस्त्यांवर अडकलेल्या गाड्या भंगारात येतातच. ब्रीदरमधून (बॉक्सच्या हवेच्या भोकातून) पाणी आत शिरतं आणि बेअरिंगच्या गोळ्यांवर गंजाचे ठिपके पडतात. त्यातले गिअर एखाद वेळेस वाचतात, बेअरिंग नाहीच.

आता दोन्ही बॉक्स शेजारी-शेजारी खोला. खाली वर्तमानपत्र पसरा आणि शाफ्टवर ज्या क्रमानं पार्ट होते त्याच क्रमानं मांडत जा. डोनरच्या, म्हणजे विकत आणलेल्या बॉक्सच्या, पार्टवर पिवळा रंग, आपल्यावर काही नाही. डिटेंटच्या (गिअर जागेवर धरून ठेवणाऱ्या खटक्याच्या) गोळ्या आणि स्प्रिंग उडतात, त्यामुळे तो प्लग काढताना वर फडकं धरा. सर्क्लिप (शाफ्टवर पार्ट अडवणाऱ्या तुटक कड्या) एकसारख्या दिसल्या तरी एकत्र टाकू नका. कित्येक बॉक्समध्ये त्या वेगवेगळ्या जाडीच्या असतात आणि शाफ्टवरचा खेळ त्या जाडीवरच ठरतो.

सुट्टा बदलता येणारा मुख्य पार्ट म्हणजे पितळी सिंक्रो रिंग. एलबीएस मार्गाच्या गर्दीत रोज गाडी चालवणाऱ्याची दुसऱ्या गिअरची रिंग सगळ्यात आधी जाते, कारण दिवसभर पहिला-दुसरा, पहिला-दुसरा. रिंगच्या आतल्या बाजूला बारीक आटे असतात. ते ऑइलचा पापुद्रा कापतात, मग रिंग गिअरच्या निमुळत्या गळ्याला पकडते आणि दोघांचा वेग एक करते. आटे बोथट झाले की रिंग गळ्यावर जास्त खोल जाते. म्हणून रिंग हातानं दाबून धरा आणि रिंग व गिअरमधली फट फिलर गेजनं (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) मोजा, चहूबाजूंनी. छोट्या गाड्यांत नव्या रिंगला ही फट १ मि.मी.च्या आसपास असते. अर्ध्या मिलिमीटरपर्यंत आली की रिंग संपली. तुमच्या मॉडेलचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघा. डोनरची रिंग आपल्या गिअरवर घालणार असाल तर आणखी एक करा: गळ्यावर मार्करनं उभ्या रेघा मारा, रिंग दाबून थोडी फिरवा, काढा. रेघा पूर्ण लांबीत पुसल्या गेल्या तर बसली. एकाच टोकाला पुसल्या तर उतार वेगळा आहे, ती रिंग काही दिवसांत पुन्हा खर्र करणार.

हब (शाफ्टवर बसणारा) आणि स्लीव्ह (त्यावर सरकून गिअरला पकडणारी) मात्र वेगळे करू नका. एकमेकांवर घासून त्यांची जागा ठरलेली असते. खोलण्याआधी दोघांवर एक खूण करा आणि त्याच खुणेवर परत बसवा. स्लीव्ह डोनरची घेतली तर ती सरकवणारा काटा, म्हणजे फोर्कही डोनरचा घ्या, निदान स्लीव्हच्या खाचेत फोर्कचा खेळ तरी मोजा. गिअर निसटत असेल तर गिअरच्या बाजूचे छोटे दाते नखानं चाचपा. टोकं गोल झाली असतील तर नवी रिंग घालून काही होणार नाही. काही जण ते ग्राइंडरवर धार लावून देतात. माझ्या गॅरेजात ते चालत नाही, कारण वरची कडक कातडी गेली की खालचं पोलाद मऊ असतं.

गिअर बदलायचाच तर जोडी बदला, समोरासमोरचे दोन्ही. लोक इथं दात्यांची बेरीज करून बघतात. ती फसवी आहे. एक उदाहरण घ्या: पहिला ४१ आणि १२ दात्यांचा, दुसरा ३६ आणि १९, तिसरा ३२ आणि २५. बेरजा ५३, ५५, ५७, आणि तरी तिन्ही जोड्या त्याच दोन शाफ्टवर, तेवढ्याच अंतरावर चालतात. म्हणजे दात्याचा आकार आणि तिरकेपणा जोडीगणिक वेगळा. ४१ चा गिअर दुसऱ्या बॉक्सच्या १२ वर फिरेलही, पण कुंईं करत फिरेल.

आडव्या इंजिनाच्या गाडीत आणखी एक अडचण. पहिल्या, दुसऱ्याचे लहान गिअर बहुतेक वेळा इनपुट शाफ्टवरच कोरलेले असतात आणि फायनल ड्राइव्हचं (चाकांकडे जाणाऱ्या शेवटच्या गिअर जोडीचं) पिनियन, म्हणजे लहान गिअर, आउटपुट शाफ्टवर. म्हणजे 'फक्त पहिला' बदलणं म्हणजे अख्खा शाफ्ट. फायनल ड्राइव्ह बदलायची तर आउटपुट शाफ्ट आणि मोठी रिंग गिअर दोन्ही, आणि डिफरन्शियलच्या (दोन्ही चाकांना फेऱ्या वाटून देणाऱ्या भागाच्या) बेअरिंगचे शिम, म्हणजे जाडी जुळवायच्या पातळ चकत्या, पुन्हा मोजून. पाचवा मात्र बऱ्याच बॉक्सात टोकाला, साइड कव्हरखाली असतो. ती जोडी मुख्य केस न खोलता निघते. शहरातच फिरणाऱ्यानं लांब पाचव्यावर (त्याच वेगाला इंजिन हळू फिरवणाऱ्या) पैसे घालू नयेत असं माझं मत, पण दर शनिवारी पुण्याला जाणाऱ्याला फरक कळतो.

बेअरिंग ठोकून बसवू नका, जवळच्या लेथवाल्याकडे प्रेसवर बसवून घ्या. केस बंद करण्याआधी प्रत्येक गिअर घालून शाफ्ट हातानं फिरवा, रिव्हर्ससकट. मग रेशो मोजा. पहिला ४१/१२ आणि फायनल ७९/१८ असेल तर गुणाकार जवळजवळ बरोबर १५ येतो, म्हणजे इनपुटच्या १५ फेऱ्यांत डिफरन्शियलची एक. पहिला गिअर घाला, डिफरन्शियलची एक बाजू धरून ठेवा, इनपुट शाफ्टवर खडूची खूण करून फिरवा. धरलेली बाजू थांबली की दुसरी दुप्पट फिरते, म्हणून साडेसात फेऱ्यांत तिची एक फेरी व्हायला हवी. पाच-सहाच फेऱ्यांत झाली तर कुठला तरी शाफ्ट चुकीच्या ढिगातून उचललाय.

ऑइल जीएल-४ दर्जाचं घाला. दुकानदार जीएल-५ ला 'भारी' म्हणून पुढे करतो, पण त्यातले काही रासायनिक घटक पितळी रिंगांना मानवत नाहीत. हजारेक किलोमीटरनंतर ते काढून मॅग्नेट पुन्हा बघा.

डोनरचं उरलेलं सामान फेकू नका. गिअर जोडी-जोडीनं तारेनं बांधून, ग्रीस चोपडून प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवा. पावसाळ्यात आमच्या भांडुपला उघडं लोखंड चार दिवसांत तांबडं होतं.