दम्यामुळे मुलाची शाळा बुडते? या चुका टाळा

शाळा बुडाली की दोष आदल्या रात्रीच्या खोकल्याला दिला जातो. खरी गडबड बहुतेकदा दोन-तीन आठवडे आधीच झालेली असते: मुलाला बरं वाटलं आणि रोजचा पंप (इनहेलर) बंद झाला.

पंप दोन प्रकारचे. साल्ब्युटामॉलचा पंप श्वास लगेच मोकळा करतो. स्टेरॉइडचा रोज घ्यायचा. तो श्वासनलिकांची सूज दाबून ठेवतो. त्याचा गुण चटकन जाणवत नाही, म्हणून सुट्टीत तोच आधी सुटतो. मग शाळा उघडते, वर्गात सर्दी फिरते आणि खाडे सुरू होतात. 'स्टेरॉइड' ऐकून धसका घेऊ नका; गोळीच्या मानाने पंपातली मात्रा फारच कमी असते. घेतल्यावर मुलाला चूळ भरायला लावा, म्हणजे तोंडात बुरशी होत नाही. डोस कमी करायचा की थांबवायचा, हे मात्र डॉक्टरांनाच ठरवू द्या.

पंप रोज घेऊनही फरक पडत नसेल तर आधी तो घ्यायची पद्धत बघा. घाईत स्पेसरला (पंपाला जोडायच्या पोकळ नळीला) लावून तीनदा फटाफट दाबला, असं बऱ्याच घरांत चालतं. पंप हलवायचा, एकदाच दाबायचा, ओठ घट्ट मिटून पाच-सहा शांत श्वास, मग पुन्हा हलवून पुढचा. स्पेसर साबणाच्या पाण्यात धुऊन तसाच वाळू द्या. फडक्याने पुसलात तर आत स्थिर वीज तयार होते आणि औषध भिंतींनाच चिकटतं.

आणखी एक फसवी गोष्ट: औषध संपलं तरी पंपातून फवारा येत राहतो. आकडा दाखवणारा पंप असेल तर तो वाचा. पाण्यात तरंगवून बघण्यात अर्थ नाही.

शाळेत साल्ब्युटामॉलचा पंप कुलूपबंद कपाटात आणि किल्ली भलत्याकडेच, हे नको. डॉक्टरांनी लिहून दिलेली योजना वर्गशिक्षकांकडे ठेवा. खेळाचा तास बंद करू नका. धावल्यावर धाप लागत असेल तर 10-15 मिनिटं आधी हाच पंप घ्यायचा का, ते डॉक्टरांना विचारा.

नुसतं नाक वाहतंय म्हणून घरी ठेवायची गरज नाही. साल्ब्युटामॉलचा गुण चार तासही टिकत नसेल तर शाळा राहू द्या, दवाखाना गाठा. बोलताना वाक्य तुटतंय, बरगड्या आत ओढल्या जातायत किंवा ओठ निळे दिसतायत, तर साल्ब्युटामॉलचा पंप देत देत थेट रुग्णालयात.